जागणाऱ्याची अंगाई

अंगाई हे बाळाचे गीत, अशी आपली समजूत असते. परंतु तान्ह्याला शब्द कळत नाहीत. त्याला कळते ती लय आणि ओळखीचा आवाज. मग शब्द कोणासाठी? ते गाणाऱ्यासाठीच असावेत, असे मला वाटते. आणि म्हणूनच आपल्या कवींच्या अंगाईतील आई इतकी ताजीतवानी कशी, हे कोडे मला सुटत नाही.

पाळणा येथे बाजूला ठेवू. बारशाला चारचौघींनी म्हणावयाचे, राम-कृष्णांच्या जन्माचे ते गीत. झोपेशी त्याचे नाते नावापुरते. अंगाई मात्र एकान्तातली. तीत चांदोबा निजतो, पाखरे निजतात, गोठ्यातले वासरूही निजते. आईचे डोळे मात्र कधी जड होत नाहीत. तिचा शीण ऐकावयाचा तर जात्यावरच्या ओवीकडेच जावे लागते. लोर्काने १९२८ मधील आपल्या व्याख्यानात स्पेनमधील अंगाईगीतांचा विषाद दाखवून, ती रचणाऱ्या गरीब स्त्रियांना मूल हे ओझेही असते, असे सुचविले होते. आपल्याकडे असे बोलणे जड जाते.

चेखॉव्हची १८८८ मधील एक छोटी कथा यासंबंधी वाचण्याजोगी आहे. तेरा वर्षांची वार्का एका मोच्याच्या घरी पाळणा हलविते. देवापुढच्या दिव्याचा हिरवा डाग छतावर हलतो, वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावल्या हलतात, आणि ती तीच अंगाई पुटपुटत राहते. दिवसभर चूल, पायऱ्या, बटाटे. रबरी जोडे पुसताना तिला वाटते, त्या जोड्यात डोके खुपसून क्षणभर निजावे! रात्री पुन्हा पाळणा. शेवटी आपला शत्रू कोण हे तिला ‘उमगते’. ती मुलाचा गळा दाबते आणि आनंदाने झोपी जाते. चेखॉव्ह तिला दोष देत नाही, तिच्यासाठी अश्रूही ढाळत नाही. अंगाई झोप आणण्यासाठी असते, आणि येथे ती जिला झोप हवी तिच्याच तोंडी आहे, एवढेच तो दाखवितो.

लिहिताना संकोच होतो. पण आमची दीड वर्षांची कन्या रात्री दोनला उठून बसते, आणि सकाळी नऊला कचेरीत टिपणीच्या एकाच ओळीवर माझे पेन तीनदा अडखळते, तेव्हा ही कथा मला परकी वाटत नाही.

तथापि आपल्या कवींवर मी थोडा अन्याय करीत असेन. गावाकडच्या घरात आजी अर्धी रात्र वाटून घेई, आत्या उरलेली. मांड्या अनेक होत्या, म्हणून कदाचित आवाज ताजा राहिला. दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये मांड्या चारच, आणि त्यांतल्या दोन माझ्या.

परवा चांदोबाचे कडवे संपताच पत्नीने त्याच चालीत पुढे जोडले : आता नीज गं, आईला सहाला डबे करायचे आहेत. वृत्त साफ मोडले. चाल मोडली नाही. कन्या पावणेतीनपर्यंत जागीच होती.