एमा बोव्हारीची पायरी

गुस्ताव फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’विषयी आपल्याकडे बोलणे निघाले की एमाचा नवरा शार्ल हा ‘खेड्यातला एक साधा डॉक्टर’ असतो. मीही बरीच वर्षे तसेच धरून चाललो होतो. पण शार्ल डॉक्टर नव्हता. त्याचा हुद्दा ‘ऑफिसिए द सांते’. शब्दशः भाषांतर करून ‘आरोग्य अधिकारी’ म्हटले, तर नगरपालिकेत बसून साथीच्या रोगांचे तक्ते भरणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात ती वैद्यकीच्या परवान्याची खालची प्रत होती. जुन्या पिढीच्या वाचकांना एमबीबीएसच्या पाटीशेजारची एलसीपीएसची पाटी आठवत असेल, आणि त्या दोन पाट्यांकडे पाहण्याच्या नजरेतला फरकही. फ्रान्समध्ये हा फरक नजरेपुरता नव्हता, तो कायद्यात लिहिलेला होता.

१८०३ सालच्या कायद्याने तिथे वैद्यकी करणाऱ्यांचे दोन दर्जे ठरले. वरच्या दर्जाचा डॉक्टर विद्यापीठात शिकून, प्रबंध सादर करून पदवी घेई आणि देशभर कुठेही व्यवसाय करी. खालच्या दर्जाचे शिक्षण कमी मुदतीचे आणि कमी खर्चाचे. त्याची परीक्षा जिल्ह्याची समिती घेई, आणि ज्या जिल्ह्यात परीक्षा दिली तिथेच त्याने व्यवसाय करायचा, असे बंधन होते. मोठ्या शस्त्रक्रिया त्याने डॉक्टरच्या देखरेखीशिवाय करायच्या नाहीत, असेही कलम होते. खेडोपाडी कुणीतरी असावे, एवढाच हेतू. शार्ल रुआँमध्ये शिकला, पहिल्या परीक्षेत साफ नापास झाला, दुसऱ्या वेळी पाठांतराच्या जोरावर सुटला. तोस्तहून बिऱ्हाड हलवून तो योंव्हीलला आला, पण जिल्हा तोच.

आता एमाचे पॅरिसवेड आठवून पाहा. ती पॅरिसचा नकाशा विकत आणते आणि त्यावर बोट फिरवत रस्त्यांतून हिंडते. ती मासिके मागवते आणि नवे दुकान कुठे निघाले, घोड्यांच्या शर्यतीला कोण आले होते, हे वाचत राहते. समीक्षकांना हे स्वप्नरंजन वाटते, आणि ते आहेही. पण ज्या बाईचा नवरा कायद्याने जिल्ह्याबाहेर व्यवसायच करू शकत नाही, तिच्या हातातला तो नकाशा आहे. कादंबरीत हे कुठेही समजावून सांगितलेले नाही, आणि त्या काळच्या वाचकाला सांगण्याची गरजही नव्हती. फ्लोबेरचे वडील रुआँच्या मोठ्या रुग्णालयाचे मुख्य शल्यचिकित्सक होते. या दोन दर्जांमधले अंतर त्याने घरात बसून पाहिले होते.

एमाच्या असमाधानाचे खापर आपण कादंबऱ्यांवर फोडत आलो आहोत. ज्यूल द गोतिए या लेखकाने १८९२ मध्ये त्या असमाधानाला ‘बोव्हारिझम’ असे नाव दिले. आपण आहोत त्याहून वेगळे आहोत अशी कल्पना करून घेण्याची मनाची खोड, असा त्याचा साधारण अर्थ. शब्द चालला, मानसशास्त्रात गेला, आणि एमा हा एक मनोविकार होऊन बसला. गमतीचा भाग असा, की त्याच १८९२ साली फ्रान्सने ‘ऑफिसिए द सांते’ हा दर्जा कायद्याने रद्द केला. एमाच्या दुखण्याला नाव मिळाले त्याच वर्षी त्या दुखण्याचे एक कारण कायद्याच्या पुस्तकातून गेले. पुढच्या वाचकांच्या हाती नाव तेवढे राहिले.

या कारणाकडे कुणी पाहिलेच नाही, असे मात्र नाही. १८५७ मध्ये कादंबरीवर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा फ्लोबेरचे वकील सेनार यांनी बचावात हाच धागा धरला होता. शेतकऱ्याच्या मुलीला तिच्या जन्माच्या पायरीहून वरचे शिक्षण दिले की काय अनर्थ होतो, ते ही कादंबरी दाखवते, म्हणून ती नीतिमानच आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. फ्लोबेर सुटला. पण युक्तिवाद बारकाईने पाहिला तर आपल्याला तो परका वाटू नये. मुलगी फार शिकली तर तिला तोलामोलाचे स्थळ मिळणार नाही आणि मिळालेल्या स्थळी ती नांदणार नाही, हे वाक्य आपल्याकडे किती घरांत उच्चारले गेले असेल! सेनारना एमाची पायरी दिसली, पण दोष त्यांनी शिक्षणाला दिला. पायरी कुणी घातली आणि पुढची वाट कुणी बुजवली, हे विचारणे त्यांच्या अशिलाच्या सोयीचे नव्हते.

ते विचारायचे तर सुरुवात एमाच्या बापाच्या शेतावरून करावी लागते. रुओ हा खाऊनपिऊन सुखी शेतकरी. पाय मोडला म्हणून शार्लला बोलावतो आणि बरा झाल्यावर पंचाहत्तर फ्रँक व एक टर्की पक्षी देऊन त्याची बोळवण करतो. पण शेतीत त्याला दरवर्षी खोट येते आहे. गवंड्याचे देणे आहे, खोगीरवाल्याचे देणे आहे, सफरचंदाचा रस काढण्याच्या घाण्याचा दांडा नवा बसवायचा आहे, बावीस एकर जमीन विकायची वेळ आली आहे. अशात शार्ल घुटमळताना दिसतो. जावई मनाजोगता नाही, पण शिकलेला आहे, काटकसरी आहे, हुंड्यावरून घासाघीस करणार नाही. मागितली तर देऊन टाकू, असे तो ठरवतो. एमाचे लग्न ठरते ते या हिशेबात. तिच्या डोक्यात तेव्हा कादंबऱ्या असतीलही, पण बापाच्या डोक्यात बावीस एकर आहेत.

त्या कादंबऱ्या तरी आल्या कुठून? तेराव्या वर्षी एमाला रुआँच्या उर्सुलीन जोगिणींच्या मठात शिकायला ठेवले. तिथे नाच, भूगोल, चित्रकला, भरतकाम, पियानो शिकवले गेले. शार्लची पहिली बायको जळफळून म्हणते की हिला शहरातली तालेवार पोर कोण म्हणेल, हिचा आजा मेंढरे राखत होता. बाई कजाग आहे, पण या बाबतीत तिची नजर पक्की. मठात महिन्यातून आठ दिवस कपडे दुरुस्त करायला एक म्हातारी येई. ती क्रांतीत धुळीला मिळालेल्या सरदार घराण्यातली होती आणि आर्चबिशपची तिच्यावर मेहेरनजर होती. कामाला येणारी असूनही जोगिणींच्या पंगतीला बसून जेवायची. एप्रनच्या खिशातून कादंबऱ्या आणून थोरल्या मुलींना चोरून देणारी हीच. मला कादंबरीतली ही व्यक्ती फार महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर कुणी चार ओळींपलीकडे लिहीत नाही याचे नवल वाटते. वरून खाली घसरलेल्या बाईकडून खालून वर चढू पाहणाऱ्या मुलीच्या हाती ती पुस्तके पडतात. एकीची गेलेली दुनिया दुसरीला येणारी दुनिया वाटते.

व्होब्येसारच्या हवेलीतली मेजवानी सर्वांना आठवते. मार्क्विसला निवडणुकीचे वेध लागलेले आहेत. शार्लने त्याच्या तोंडातला गळू फोडला, शार्लच्या बागेतल्या चेरीची कलमे त्याला हवी होती, आणि एमा दिसायला नीटस, शेतकरणीसारखी लवून मुजरा न करणारी. एवढ्या भांडवलावर आमंत्रण येते. नाच ऐन रंगात असताना हवा यावी म्हणून नोकर खिडकीची तावदाने फोडतो. एमा वळून बघते तर बाहेर बागेत काचेला नाक लावून उभे असलेले शेतकरी. त्यांचे चेहरे दिसताच तिला बापाचे शेत आठवते, दूधघरात बोटाने साय काढणारी ती स्वतः आठवते. क्षणभरच. मग आतल्या झगमगाटात ते सगळे पुसले जाते आणि ती चमच्याने आइस्क्रीम खाऊ लागते. ती त्या वेळी काचेच्या आत उभी आहे, पण तिची माणसे बाहेर आहेत, आणि तिला स्वतःला आत घेतले आहे तेही एका रात्रीपुरते. घरी परतल्यावर तिने ठेवून दिलेल्या सॅटिनच्या सपातांचे तळवे तिथल्या जमिनीच्या मेणाने पिवळे झालेले असतात. फ्लोबेर या खुणेवर रेंगाळतो, ते उगीच नाही.

आणि परत आल्यावर ती पहिले काय करते? जेवण तयार नाही म्हणून जुन्या मोलकरणीला हाकलते. तिच्या जागी चौदा वर्षांची अनाथ फेलिसिते येते. तिला एमा शिकवते की बाईसाहेबांशी कसे अदबीने बोलावे, दार वाजवून आत यावे, पाण्याचा पेला तबकात आणावा. व्होब्येसारला जे पाहिले त्याचा सराव करायला तिच्या हाताखाली एवढी एकच जीव आहे. एमाची कीव करणाऱ्या वाचकांनी फेलिसितेचा हा पाठ विसरू नये. एमा बंडखोर नाही. तिचे असमाधान सदैव वर बघते, खाली कधीच नाही. कृषिमेळाव्याच्या प्रसिद्ध प्रकरणात कातरीन नावाची म्हातारी मंचावर येते. एकाच शेतावर चोपन्न वर्षे राबल्याबद्दल तिला पंचवीस फ्रँक किमतीचे चांदीचे पदक मिळते. राखेने आणि साबणाने तिचे हात असे काही झाले आहेत की ते मिटतच नाहीत. त्याच सुमारास नगरभवनाच्या वरच्या मजल्यावर रोदोल्फच्या हातात एमाचा हात आहे. ती खालच्या त्या हातांकडे बघत नाही. बघितले असते तर काही बदलले असते, असे मला वाटत नाही.

नवऱ्याच्या दर्जाचा काच तिला पहिल्यांदा उघड जाणवतो तो एका लहानशा प्रसंगात. इव्हतोच्या एका डॉक्टरने रोग्याच्या खाटेपाशीच, नातलगांदेखत शार्लचा पाणउतारा केलेला असतो. शार्ल ते रात्री घरी येऊन सहज सांगतो, जेवण झाल्यावर सांगावे तसे. एमाचा संताप अनावर होतो. बोव्हारी हे नाव पुस्तकांच्या दुकानांत दिसावे, वर्तमानपत्रांत छापून यावे, ही तिची इच्छा. स्वतःचे असे तिच्याजवळ काही नाही. कायद्याने आणि रूढीने तिची पायरी म्हणजे नवऱ्याची पायरी. मुलगा व्हावा असे तिला का वाटते, तेही फ्लोबेरने सांगून ठेवले आहे. पुरुष निदान मोकळा तरी असतो.

म्हणूनच इपोलितच्या वाकड्या पायाची शस्त्रक्रिया हा कादंबरीचा कणा आहे असे मी मानतो. प्रेमप्रकरणे त्याच्या अलीकडे-पलीकडे येतात. गावचा औषधविक्या ओमे आणि एमा मिळून शार्लला शस्त्रक्रियेला उभे करतात. त्याच्या हातून हे साधले, तर कायद्याने खाली ठेवलेला माणूस कीर्तीने वर जाईल आणि त्याच्याबरोबर तीही. काही दिवस एमा नवऱ्याकडे खरोखर मायेने बघते. मग पाय सडतो. नफशातेलहून कानिवे नावाचा खरा पदवीधर डॉक्टर येतो, सगळ्यांना झाडतो आणि तबेल्यात काम करणाऱ्या त्या गरीब पोराची मांडी कापतो. एकाच्या चढण्यासाठी दुसऱ्याचा पाय गेला. त्याच संध्याकाळी एमा रोदोल्फच्या मिठीत परतते. हा नैतिक ऱ्हास मानायचा तर माना, पण नवऱ्याच्या बाजूचा एकुलता एक जिना त्या दिवशी कोसळला होता, हेही मानावे लागेल.

उरला दुसरा जिना, उधारीचा. कापडविक्या लरो याच्या नावाचा अर्थ ‘सुखी’ असा होतो. त्याला एमाचे असमाधान तिच्या नवऱ्याआधी कळलेले आहे. तो घाई करत नाही. आधी ओढण्या दाखवतो, पैशाचे नंतर बघू म्हणतो, मग हुंडी, मग हुंडीची मुदत वाढवायला दुसरी हुंडी. इपोलितसाठी लाकडी पाय मागवायचा तोही त्याच्यामार्फत. शेवटी चोवीस तासांत आठ हजार फ्रँक भरा असा कोर्टाचा हुकूम निघतो. एमा रोदोल्फकडे तीन हजार मागते. वर्षाला निदान पंधरा हजारांचे उत्पन्न असलेला, असा ज्याचा गावात बोलबाला, तो शांतपणे म्हणतो की माझ्याजवळ नाहीत. तेव्हा ती त्याच्या खोलीतल्या वस्तू एकेक करून दाखवू लागते. चांदीने मढवलेली बंदूक, घड्याळ, चाबकाच्या शिट्ट्या, यातले काहीही विकले तरी पैसे उभे राहिले असते! मला या जागी दरवेळी थांबावे लागते. आयुष्यभर ज्या वस्तूंच्या झळाळीला ती भुलली, त्यांची किंमत ती इथे पहिल्यांदा रोकड्यात करते.

केतन मेहता यांनी १९९३ मध्ये या कादंबरीवरून ‘माया मेमसाब’ काढला. त्यातली नायिका मुळातच एका जुन्या हवेलीत वाढलेली आहे. चित्रपट म्हणून तो कसाही असो, पण मूळ भूमिती त्यात उलटी झाली. हवेलीतून निघालेल्या मुलीचे स्वप्न हे गमावलेल्याचे स्वप्न असते, शेतावरून निघालेल्या मुलीचे कधीच न मिळालेल्याचे. मायेचे असमाधान मग मनाचे गूढ होते. एमाच्या बाबतीत गूढ फारच थोडे आहे.

एक धागा अजून राहिला. औषधविक्या ओमे विनापरवाना रोगी तपासत असे आणि त्यापायी त्याला एकदा सरकारी वकिलापुढे रुआँला हजर व्हावे लागले होते. कलम त्याच १८०३ च्या कायद्याचे, आणि फ्लोबेर त्याचा नावानिशी उल्लेख करतो. ज्या कायद्याने शार्लला जखडले तो ओमेने पचवला. शार्लच्या मृत्यूनंतर योंव्हीलला एकामागून एक तीन डॉक्टर येतात, ओमे एकालाही टिकू देत नाही, आणि अखेर त्याला सन्मानाचा क्रॉस मिळतो. पदवी नसलेला वर गेला.

आणि एमाची मुलगी बेर्त? घरातले सगळे विकून झाल्यावर बारा फ्रँक पंचाहत्तर सांतीम उरले, ते तिला आजीकडे पोचवण्याच्या भाड्याला लागले. आजी त्याच वर्षी वारली. आजोबा रुओला अर्धांगवायू झाला होता. मग एका दूरच्या मावशीने तिला नेले. ती मावशी गरीब आहे आणि पोट भरण्यासाठी बेर्तला सूतगिरणीत कामाला पाठवते. फ्लोबेर हे दोन-तीन ओळींत उरकतो आणि ओमेच्या क्रॉसकडे वळतो.