तुकोबांची दोन स्वप्ने : अन्वयार्थाचा प्रश्न

तुकोबांच्या गाथेत दोन स्वप्नांचे विशेष महत्त्वाचे कथन आढळते. एकात बाबाजी चैतन्य गुरूपदेश करतात. दुसऱ्यात नामदेव पांडुरंगासह येऊन कवित्वाची आज्ञा देतात. भाविक चरित्रकार या दोहोंस साक्षात्कार मानतात, तर १९०० च्या फ्रॉइडप्रणीत स्वप्नमीमांसेचा हवाला देणारा टीकाकार त्यांस इच्छापूर्ती म्हणून मोकळा होतो. निष्कर्ष परस्परविरुद्ध असले तरी दोघांचे गृहीत एकच आहे, ते म्हणजे स्वप्नात हवे ते पदरी पडले. अभंग तसे सांगत नाहीत.

उपदेशाचा अभंग सुरूच होतो तो आपल्या हातून काही सेवा घडली नाही या खंतीने. गंगास्नानास जाताना वाटेत गुरू भेटतात, मस्तकी हात ठेवतात आणि भोजनासाठी पावशेर तूप मागतात; ते द्यावयाचे मात्र स्वप्नातच विसरले जाते. काही अंतराय उपजला, म्हणूनच गुरूंनी त्वरा केली काय, अशी शंकाही कवी नोंदवितो. पुढे गुरुपरंपरा, मंत्र, माघ शुद्ध दशमी, गुरुवार हा सर्व तपशील यथास्थित येतो. पण ते पावशेर तूप राहून जाते. दीक्षेचा अधिकार सिद्ध करण्यासाठीच ही कथा रचली असती, तर शिष्याच्या या विस्मृतीचे तीत काहीच प्रयोजन नव्हते. अन्वयार्थ लावणाऱ्याने थबकावयाचे ते येथे.

दुसऱ्या स्वप्नातही माप आहेच. कवित्व धान्यासारखे मापले जाते, विठ्ठल मापाशी उभा असतो, संख्या शतकोटीची ठरते आणि उरलेला भाग तुकोबांच्या माथी येतो. वाण्याच्या घरातील ही भाषा निद्रेतही सुटलेली नाही. ऋणकोंची कर्जखते इंद्रायणीत बुडविणारा पुरुष म्हणून परंपरा ज्यास ओळखते, तो स्वप्नात मात्र दोन्ही वेळा स्वतःच देणेकरी होतो. एकदा तुपाचा, एकदा अभंगांचा. पहिले देणे फिटण्याचा मार्गच उरत नाही. दुसरे फेडण्यात आयुष्य जाते. यास इच्छापूर्ती म्हणणे म्हणजे अभंगाचा अर्धा भाग न वाचणे होय. फ्रॉइडची स्वतःची पद्धती याहून सावध होती. स्वप्न पाहणाऱ्याच्या साहचर्यांवाचून अर्थ सांगू नये, असा तिचा दंडक. येथे ती साहचर्ये फक्त गाथेतूनच मिळू शकतात.

चरकाने इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार मानले आहेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. यांतील पहिले पाच निष्फळ. प्रार्थित, म्हणजे इच्छेतून आलेले स्वप्न, त्यांतच मोडते, ही गोष्ट इच्छापूर्तीच्या सिद्धांतास अपूर्व मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. मात्र हे वर्गीकरण वैद्याचे आहे. रोग्याचे साध्यासाध्यत्व जाणणे हा त्याचा हेतू. काव्यगत स्वप्न सोलापूरच्या सात रस्त्यासारखे असते. कोणत्या एका वाटेने ते आले, हे त्या चौकात उभे राहून सांगता येत नाही. नामदेव श्रुत, दुकानाचे माप अनुभूत, कवित्व कदाचित प्रार्थित.

बहिणाबाईंचे स्वप्न याहून निराळे. कोल्हापुरात असताना, तुकोबांस प्रत्यक्ष पाहिलेले नसताना, त्यांना स्वप्नात तुकोबांचा उपदेश झाला, असे त्यांच्या आत्मनिवेदनपर अभंगांत आहे. ब्राह्मण स्त्रीने शूद्र म्हणून गणल्या गेलेल्या संताचे शिष्यत्व पत्करणे जागेपणी निषिद्ध होते. निद्रेने तो निषेध ओलांडला. येथे इच्छापूर्तीचा सिद्धांत खरोखर उपयोगी पडतो. तथापि तोही स्वप्नापुरताच. कारण बहिणाबाईंच्या कथनाचा भार पुढील प्रसंगांवर आहे. पतीचा संताप, छळ, आणि अखेर त्याच पतीसह देहूची वाट. तुकोबांच्या स्वप्नातील अडथळा स्वप्नातच उपजतो, बहिणाबाईंचा डोळे उघडल्यावर दारात उभा असतो.