उसन्या उजेडातलं नाशिक

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की नाशिकच्या फलकांवर, खोक्यांवर आणि फोनच्या पडद्यावर एकच छायाचित्र पुन्हा पुन्हा दिसायला लागतं. काळोख्या पार्श्वभूमीवर एक घड आणि मण्यामण्यावर पाण्याचे टपोरे थेंब. पाण्यात ग्लिसरीन मिसळून ते स्प्रेच्या बाटलीने मारलेले असतात, म्हणजे दिव्यांच्या उष्णतेत ओघळत नाहीत. हे छायाचित्र निफाड-दिंडोरीकडच्या कोणत्याही बागायतदाराला दाखवा. काढणीला आलेल्या घडावर पाणी दिसलं की त्याच्या पोटात गोळा येतो, कारण त्याच्या लेखी ते पाणी म्हणजे अवकाळी पाऊस, तडकलेले मणी आणि हातचा गेलेला हंगाम. शिवाय ताज्या मण्यावर मेणासारखी पांढुरकी झाक असते. ती पुसली जाऊ नये म्हणून काढणीच्या वेळी घड देठाला धरूनच उचलतात. फवारा मारताच ती झाक दिसेनाशी होते. जाणकार खरेदीदार ज्या खुणेवरून माल ताजा आहे हे ओळखतो, तीच खूण माल विकण्यासाठी काढलेल्या चित्रातून घालवायची, ही आपल्याकडच्या खाद्य आणि वस्तू छायाचित्रणाची रीत होऊन बसली आहे, आणि तिच्यावर स्तुतीचा वर्षाव होतो आहे. मला हे सहन होत नाही.

एके काळी हे काम मुंबईचं होतं. पुढे चेहऱ्यांसाठी नावाजले गेलेले गौतम राजाध्यक्ष 1974 मध्ये लिंटास या जाहिरात संस्थेत लागले आणि तिथल्या छायाचित्र विभागाचे प्रमुख झाले. वस्तूचं छायाचित्र म्हणजे जाहिरात संस्था, स्टुडिओ आणि आर्ट डायरेक्टर असे ते दिवस होते. घरपोच जेवण आणि ऑनलाइन दुकानं आल्यावर चित्र बदललं. आज गंगापूर रोडपासून नाशिक रोडपर्यंत घरातल्या एका खोलीत टेबल, दोन दिवे आणि एक कॅमेरा घेऊन स्वतंत्रपणे व्यवसाय करणारे तरुण-तरुणी आहेत. त्यांच्या डोक्यावर कोणी आर्ट डायरेक्टर बसलेला नाही. काय दाखवायचं आणि कसं, हे ठरवण्याची मोकळीक त्यांच्या आधीच्या पिढीला नव्हती. म्हणून मी त्यांच्या कामाकडे अपेक्षेने पाहतो आणि म्हणूनच जास्त चिडतो.

पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या कामाबद्दल बोलण्यासारखं काही नाही. ॲमेझॉनच्या मुख्य चित्राला शुभ्र पांढरी पार्श्वभूमी लागते आणि वस्तूने चौकटीचा 85 टक्के भाग व्यापावा लागतो. हा नियम आहे, तो पाळावा आणि पैसे घ्यावेत. हवेत उडणारे बर्गर आणि रंगीत धुरातले केक यांच्यावर एक ओळसुद्धा जास्त आहे. वाइनचं छायाचित्रण तांत्रिकदृष्ट्या सफाईदार आहे. काळ्या बाटलीच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ कशी आणायची हे आपल्या लोकांना उत्तम जमतं. पण मेणबत्ती, चीजची फळी आणि मागे धुकं असलं की ते इटलीचं चित्र होतं. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी, अशा वर्षातून दोन छाटण्या घेणारी इथली वेल, काळी माती आणि फेब्रुवारीतलं करकरीत ऊन त्यात कुठेच नसतं.

मिसळीचं मात्र नीट पाहायला हवं, कारण नाशिकच्या छायाचित्रकाराची परीक्षा तिथे होते. सध्याचं प्रचलित चित्र वरून घेतलेलं असतं. काळी लाकडी फळी, तिच्यावर गोणपाट, विखुरलेल्या लाल मिरच्या, एका कोपऱ्यात अर्धवट दिसणारा पाव. वरून पाहिलं की वाटीची खोली नाहीशी होते. रस्सा, मटकी आणि शेव यांचे थर एका तांबूस वर्तुळात सपाट होतात. तर्री हे तेल आहे. मोठा सॉफ्टबॉक्स डोक्यावर लावला की तिच्यावर पांढरा डाग पडतो आणि तो घालवायला पोलरायझर लावला की तिची चमकच जाते. मग रंग संगणकावर वाढवायचा. वाफ हवी असेल तर ओला कापूस तापवून वाटीमागे लपवायचा. शेव मऊ पडू नये म्हणून रस्सा जेमतेम घालायचा. एवढं सगळं झाल्यावर जे उरतं ते कोणीही खाऊ शकत नाही आणि कोणीही कधी खाल्लेलं नाही.

याच्या उलट काम करणारी माणसं थोडी आहेत, पण आहेत, आणि माझ्या मते आजचं खरं छायाचित्रण तेच आहे. ती हॉटेलच्या स्वयंपाकघरात किंवा खिडकीशेजारच्या टेबलावर चित्र घेतात. कॅमेरा खाली, जेवणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. उजेड मागून आणि जरा बाजूने, समोर एक साधा पांढरा पुठ्ठा. मागून आलेला उजेड तर्रीतून आरपार जातो आणि काळ्या मसाल्याचा रस्सा काठाशी लालसर उजळतो. खरी वाफ दिसण्यासाठी मागून उजेड आणि मागे गडद भिंत पुरते. रस्सा ओतल्यापासून शेव मऊ पडेपर्यंतची दोन-तीन मिनिटं त्यांच्या हातात असतात, आणि त्या मिनिटांतली घाई चित्रात उतरते. शेवेचा एक भाग भिजलेला, एक कोरडा. बघणाऱ्याला आपसूक हात पुढे करावासा वाटतो. हे करायला मिसळ कशी खातात हे माहीत असावं लागतं, ती कधी खाण्याजोगी उरत नाही हेही.

हाच डोळा भांड्यांच्या आणि वस्त्रांच्या चित्रांत हवा आहे. ठोक्याच्या तांब्याच्या भांड्यावर तांबटाच्या हातोडीचा प्रत्येक खळगा एक छोटा आरसा असतो. ते भांडं पांढऱ्या कापडी तंबूत ठेवून चारी बाजूंनी सारखा उजेड दिला की सगळे खळगे पुसले जातात आणि यंत्रावर दाबलेल्या भांड्यात आणि त्याच्यात फरक उरत नाही. एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला काळा पुठ्ठा ठेवला की प्रत्येक ठोक्याला एक उजळ आणि एक अंधारी कड मिळते. येवल्याच्या पैठणीचंही तेच. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, म्हणून घडी फिरली की रंग फिरतो. ती सपाट पसरून टिपली की धूपछाव मेली. आणि हातमागाच्या पैठणीची खरी ओळख पदराच्या उलट्या बाजूला असते, कारण तिथेही नक्षी तितकीच स्वच्छ दिसते. हजारो रुपयांची साडी ऑनलाइन विकणाऱ्या किती चित्रांत ती बाजू दाखवलेली असते?

वस्तूकडे अशा डोळ्याने पाहण्याच्या परंपरेचा मूळपुरुष आपल्याच जिल्ह्यातला आहे. 1870 मध्ये त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी गोध्र्यात छायाचित्रांचा स्टुडिओ चालवला होता. 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर, चित्रपटाला पैसे लावणाऱ्यांना पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याची वाढ रोज टिपली. भांडवल मिळवण्यासाठी केलेलं ते व्यावसायिक काम होतं, आणि त्याचा सगळा जोर एका भाजीच्या रोपाकडे धीराने पाहण्यावर होता. अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपलेली प्रसिद्ध ढोबळी मिरची 1930 ची, म्हणजे त्यानंतरची. 1913 मध्ये फाळक्यांनी आपली कंपनी नाशिकला आणली. त्यांच्या गावात बसून आपण गोणपाटाची नक्कल करतो आहोत.

‘क्लायंटला हेच हवं असतं’ हे उत्तर मला मान्य नाही. क्लायंटला जे दाखवलं जातं त्यातूनच तो निवडतो. खरं कारण दराच्या पद्धतीत आहे. पदार्थामागे पैसे ठरले की एका सकाळी अख्खं मेन्यूकार्ड उरकावं लागतं. मग प्रत्येक ताटाखाली तीच फळी आणि डोक्यावर तोच दिवा. असं एकसाची काम आता संगणक फुकट करून देतो. ऑगस्ट 2024 मध्ये झोमॅटोने मेन्यूतली कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली पदार्थांची चित्रं काढून टाकण्याचं जाहीर केलं. ग्राहकाला ताटात येणारा पदार्थ पाहायचा असतो, हे त्या कंपनीला कळलं. अमेरिकेत सुपाच्या जाहिरातीत भाज्या वर दिसाव्यात म्हणून वाटीच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवल्या गेल्या होत्या; 1970 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने त्याला मनाई केली. आपल्याकडेही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे. तापवलेला कापूस आणि ग्लिसरीन वापरणाऱ्यांनी तो कायदा एकदा वाचावा.

आणि त्यांनी 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 17 वं कलमही वाचावं. कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र काढलं आणि वेगळा करार केला नसेल, तर त्या चित्राचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे सध्या बहुतेकांच्या बाबतीत चित्र काढणाऱ्याकडे त्याच्या चित्राचा हक्क नाही. मिसळीचं एक उत्तम चित्र क्लायंट फलकावर, खोक्यावर, दुसऱ्या शाखेच्या मेन्यूवर वर्षानुवर्षं वापरू शकतो आणि छायाचित्रकाराला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. ज्याला आपल्या चित्रातून पुढे काहीच मिळणार नाही, तो खिडकीतला उजेड फिरेपर्यंत थांबेल कशाला? कलेचा प्रश्न म्हणून मी सुरुवात केली खरी, पण या व्यवसायातली सौंदर्यदृष्टी कोटेशनच्या कागदावर ठरते, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे नाशिकमधल्या प्रत्येक स्वतंत्र छायाचित्रकाराला माझी विनंती आहे: पुढच्या कोटेशनमध्ये दर पदार्थाचा लावू नका, दिवसाचा लावा. चित्रांचे हक्क छायाचित्रकाराकडे राहतील आणि क्लायंटला ठरलेल्या वापरासाठी, ठरलेल्या मुदतीपुरती परवानगी मिळेल, हे त्यात स्पष्ट लिहा. त्याखाली क्लायंटची सही झाल्याशिवाय कॅमेरा पिशवीतून बाहेर काढू नका.