धावते बुडबुडे

पीपीटी म्हटलं की डोळ्यांपुढे येतात गरगरत येणारे मथळे आणि टकटक उमटणारी अक्षरं. ॲनिमेशनचं प्रत्येक बटण एकदा तरी दाबून पाहायचंच, हा आपला खाक्या. म्हणूनच हान्स रोसलिंग यांचं २००६चं टेड व्याख्यान पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटतं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले हे तेव्हाचे प्राध्यापक. विषय जगाची आकडेवारी. म्हणजे डुलकी लागायची पुरेपूर सोय.

पडद्यावर एक आलेख. आडव्या अक्षावर दर बाईमागे मुलं, उभ्या अक्षावर सरासरी आयुर्मान. प्रत्येक देश एक बुडबुडा, लोकसंख्येनुसार आकार. १९६२ साली दोन तट सरळ दिसतात: इकडे छोटी कुटुंबं आणि दीर्घ आयुष्य, तिकडे मोठी कुटुंबं आणि अल्पायुष्य. मग सालं पुढे सरकतात, बुडबुडे चालू लागतात आणि प्राध्यापक एकदम क्रिकेटचे समालोचक होतात. चीन निघाला, लॅटिन अमेरिका निघाली, ऐंशीच्या दशकात बांगलादेशनं मुसंडी मारली! नव्वदीत एचआयव्हीच्या साथीनं आफ्रिकेतले बुडबुडे खाली घसरतात, तेव्हा पाहणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. बुडबुड्याचं सरकणं म्हणजे इथे काळाचं सरकणं. ते काढून चाळीस तक्ते ओळीनं मांडले असते, तर बांगलादेशची चाल कुणाच्या लक्षातही आली नसती.

मला त्याहून अधिक आवडते ती पुढची खेळी. आता अक्षांवर उत्पन्न आणि बालकांचं जगणं. सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका आधी एकच गोळा. तो देशादेशांत फुटतो. मग एकट्या युगांडाचेही पाच तुकडे होतात: सर्वांत श्रीमंत वीस टक्के वर, सर्वांत गरीब तळाशी. सरासरी काय काय पोटात घालते, ते इतक्या झटक्यात दुसऱ्या कुणी दाखवलेलं मी पाहिलेलं नाही.

शेवटी खुल्या आकडेवारीचा आग्रह धरताना जमिनीखालचा डेटा आणि वर उमलणारी फुलं असं चित्र येतं. ते मात्र बाळबोध वाटतं.

हे बुडबुडे चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ट्रेंडॅलायझर. ते घडवण्यात रोसलिंग यांचा मुलगा ओला आणि सून ॲना यांचा मोठा वाटा. २००७ मध्ये गूगलनं ते विकत घेतलं. आज साध्या पॉवरपॉइंटमध्येही मॉर्फ आहे: स्लाइडची प्रत काढा, आकार हलवा, ट्रान्झिशनमध्ये मॉर्फ निवडा, आकार आपसूक सरकतो. तेवढं करण्याआधी एकच विचारा: पडद्यावर जे हलणार आहे, ते प्रत्यक्षातही हललंय का? नसेल, तर कृपा करून ते जागच्या जागी राहू द्या.