तबकडीचे पाठभेद

जुनी पोथी हाती घेणारा अभ्यासक पहिला प्रश्न विचारतो तो पाठाचा. हा शब्द कवीचा, की नकलणाऱ्याच्या हातून घसरलेला? नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हापासून तरी हा विवेक मराठीला परका नाही. परंतु ग्रामोफोनच्या तबकडीवरून गायनाची समीक्षा करू लागताच तो आपण गुंडाळून ठेवतो. सुई टेकली, सूर उमटला, की तो जसाच्या तसा गायकाचाच असे धरून चालतो. तबकडीलाही पाठभेद असतात, आणि त्यांतले काही घरातल्या मुलांनी केलेले असतात, हे आम्ही स्वानुभवाने, किंबहुना स्वापराधाने, सांगत आहोत.

आमचे वडील रेल्वेच्या नोकरीत होते. दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. सामान मालडब्यातून जाई. तबकड्यांची पेटी मात्र वळकटीत गुंडाळून आमच्याबरोबर प्रवास करी. परमुलखात मराठी गाणे ऐकायचे ते या पेटीतूनच. त्या पेटीतल्या बालगंधर्वांच्या एका पदावर आम्ही भावंडांनी, गाणे नेमके कोठे लपले आहे हे पाहण्यासाठी, टाचणीने एक आडवी रेघ ओढली. त्या दिवसापासून सुई तेथे पोहोचली की उडी घेई आणि आलापाचे शेपूट तुटून एकदम मुखडा येई. दुसरी तबकडी त्या गावी मिळण्यासारखी नव्हती. आम्ही ती उडी ऐकतच वाढलो आणि रेघ मात्र विसरलो.

पुढे गायनावर लिहू लागल्यावर एका लेखात आम्ही त्या 'अनपेक्षित मुखड्याची' मनसोक्त स्तुती केली. ती वाचून एका वृद्ध रसिकाने आम्हांस घरी बोलावले आणि काही न बोलता आपल्याजवळची अखंड तबकडी लावली. आलाप सावकाश, पायरीपायरीने उतरत समेवर आला. आमची सारी स्तुती टाचणीच्या वाट्याला गेली होती!

या फजितीचे कारण केवळ विस्मरण नव्हे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा पाऊण सेकंदाहून किंचित अधिक असतो. सुई एक चर ओलांडते तेव्हा तेवढा काळ गळतो. मागे घसरली तर तेवढाच तुकडा पुनःपुन्हा वाजतो. या तुकड्याचा तालाशी काही संबंध नसतो. गायक मुखडा गाठतो तो मात्रा मोजून. सुईला मात्रा ठाऊक नाहीत. आम्ही त्या जागी ठेक्याकडे कान दिला असता, तर तबला अडखळल्याचे तत्काळ उमगले असते. पाठ भ्रष्ट असल्याचा पुरावा पाठातच होता. समीक्षकाने तो वाचला नाही.

मुलांचे इतर खेळही असेच बोधप्रद आहेत. बोटाने तबकडी उलटी फिरवली, तर भीमपलासाच्या अवरोहातले ऋषभ-धैवत आरोहात येऊन बसतात आणि रागाचा चेहराच पुसला जातो. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ वर लावली, तर षड्ज जवळजवळ मध्यमावर जाऊन बसतो. येथे स्वरांची परस्पर अंतरे तीच राहतात, म्हणून राग ओळखू येतो. परंतु लय सव्वापटीहून अधिक वाढते, गमकेची थरथर होते आणि कंठ कोणा परक्याचाच वाटू लागतो.

आणि हा खेळ केवळ मुलांचा आहे काय? ७८ फेऱ्यांचा दंडक साधारणतः १९२५ च्या सुमारास रुळला. त्यापूर्वीची गती तबकडीगणिक कमीअधिक असे. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेले गाणे आपण ७८ ने वाजवले, की काळी एकमध्ये गाणारा गवई जवळपास पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. 'आवाज बारीक, तान विजेसारखी' असे जे निवाडे जुन्या गायकांविषयी आपण बेधडक देतो, त्यांतले किती गायकाचे आणि किती यंत्राच्या कळीचे? स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाच्या आवाजातील मार्दवाविषयी लिहिताना तर ही शंका क्षणोक्षणी मनात हवी.

तेव्हा फरकांचे तीन वर्ग पाडावेत असे आम्हांस वाटते. पहिला फरक गायकाने स्वतः केलेला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत. तासभर चालणारा ख्याल तेवढ्यात बसवताना काय ठेवावे आणि काय टाकावे हा निर्णय त्याचाच. त्याचे यशापयश समीक्षकाने अवश्य तोलावे. दुसरा फरक यंत्राचा व व्यवसायाचा: चुकलेली गती, केंद्र सोडून पडलेले भोक, शेवटी गायिकेने उच्चारलेले स्वतःचे नाव. १९०२ साली गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात. तेथील कामगारांना ओळख पटावी म्हणून ही नामघोषणा असे, असे सांगतात. गती सुधारावी, घोषणा मात्र छाटू नये, कारण अभंगातल्या नाममुद्रेप्रमाणे ती आता रचनेचाच अंश झाली आहे. तिसरा फरक घरचा: ओरखडा, टवका, उडी. तो गायकाच्या नावे जमा धरू नये. पण त्याची नोंद मात्र ठेवावी.

हल्ली संगणकावर जुने गाणे धुऊन स्वच्छ करता येते, मग ही यातायात कशाला, असे कोणी म्हणेल. धुणाराही एक नकलाकारच आहे. खरखर काढताना तंबोऱ्याची जवारी आणि गायकाचा श्वासही त्याच्या हातून निसटू शकतो. मूळ पोथी जाळून शुद्ध प्रत कोणी ठेवीत नाही.

१९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर जी तबकडी अंतराळात गेली, तीत गोव्याच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. ती किती गतीने फिरवावी याची खूण, कोण जाणे कोणत्या श्रोत्यासाठी, वेष्टनावर कोरलेली आहे. आणि चरांपलीकडच्या मोकळ्या जागेत निर्मात्यांनी जगोजगीच्या संगीतकारांना उद्देशून हाताने एक अर्पणवाक्यही खरवडले आहे. नियमात नसलेल्या त्या अक्षरांवर आधी आक्षेपही आला होता. एवढी जबाबदारीची तबकडी, पण टाचणी फिरवण्याचा मोह तिथेही कोणाला आवरला नाही!

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी बदल्यांच्या धकाधकीतून वाचलेली अशी एखादी पेटी असेल. ती कोणाच्या हवाली करण्यापूर्वी कोणता ओरखडा कोणी, कोठे केला, एवढे लिहून ठेवावे.

वडिलांच्या मागे आम्ही आमची पेटी उघडली. त्या पदाचे कागदी पाकीट प्रथमच नीट पाहिले. आतल्या बाजूस निळ्या शाईत, त्यांच्या कचेरीतल्या सुवाच्य अक्षरात, तारीख होती, खालोखाल 'खडगपूर', आणि पुढे एवढेच: 'दुसऱ्या कडव्याआधी उडी. मुलांनी.'

आम्ही लेख लिहिण्यापूर्वी पाकीट वाचावयास हवे होते.