गिरणीवाङ्मयातील न ऐकलेला खोकला

मराठीत गिरणी कामगारांवर कमी लिहिले गेले, असे म्हणता येणार नाही. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ ही कादंबरी, नारायण सुर्वे यांचा ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हा काव्यसंग्रह आणि १९८२ च्या संपानंतरची गिरणगावची पडझड दाखविणारे जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक, एवढी नावे घेतली तरी या परंपरेचा पल्ला ध्यानात येतो. भूक, संप, बेकारी आणि माणसाची जिद्द तिने समर्थपणे मांडली. तथापि कामगाराच्या छातीत वर्षानुवर्षे मुरत गेलेले दुखणे या लेखनाच्या केंद्रस्थानी क्वचितच आले.

याचे कारण त्या दुखण्याच्या स्वरूपात आहे. संपाला तारीख असते, अपघाताला साक्षीदार असतात. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसला यांपैकी काहीच नसते. ब्लोरूम व कार्डिंग खात्यातील कामगाराची छाती आठवड्याच्या सुटीनंतर पहिल्या पाळीला आवळते आणि पुढे सैल होते, म्हणून तो मनावर घेत नाही. काही वर्षांनी मात्र सुटीच्या दिवशीही श्वास पुरत नाही. एक्स-रेत या रोगाची खास खूण उमटत नसल्यामुळे दमा किंवा विडीचा खोकला म्हणून त्याची बोळवण होते. निवृत्तीनंतर जिन्यात मध्येच थांबणाऱ्या अशा माणसात लेखकाला कथाबीज दिसत नाही, कारण तेथे घटना नाही.

या बाबतीत कायदा साहित्याच्या पुढे गेला, हे नमूद केले पाहिजे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने काही व्यावसायिक रोगांना अपघाती इजेचाच दर्जा दिला होता. वर्षानुवर्षे लांबलेला अपघात, ही दृष्टी लेखकालाही उपयोगी पडावी. रोग्याला त्याचा धंदा विचारावा, असे इटालियन वैद्य रामाझिनी याने सुमारे तीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले. कामगारसाहित्य वाचताना समीक्षकानेही पात्राचे खाते कोणते, हे विचारावे.

आपल्या भागाला हा विषय परका नाही. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांची देणी हाती पडण्यास डिसेंबर २०२३ उजाडला. तोवर कित्येक जण दिवंगत झाले होते. ते कशाने गेले, हे देण्यांच्या हिशेबात लिहिले जात नाही. ज्यांच्या घरी वा शेजारी एखादे जुने गिरणीवाले आजोबा अद्याप आहेत, त्यांनी ते त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवावे. पुढच्या लेखकाला तोच आधार राहील.