गोकुळातील गाई कोठे गेल्या?

गोकुळाष्टमीच्या काल्यात हंडी फुटते, पेंद्या लंगडत येऊन हशा पिकवितो आणि मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणींची वाट अडविली जाते. परंतु या साऱ्या प्रसंगात गाय कोठे असते? तमाशातील गण-गवळण घ्यावी किंवा गोमंतकातील देवळांतून होणारा गवळणकाला घ्यावा. दुधाचे माठ दिसतात, ते माठ भरणारी जनावरे दिसत नाहीत. गवळण या प्रकाराचा गोडवा मला अमान्य नाही. मात्र शतकानुशतके गुराख्याचे गुणगान करणाऱ्या या प्रकारातून गुराख्याचा धंदाच गळून पडावा, ही उणीव लहान नव्हे.

हा दोष संतांच्या माथी मारता येणार नाही. त्यांच्या काल्याच्या अभंगांत शिदोरी आहे, काठी-घोंगडी आहे, पांगलेल्या गाई कोणी वळवून आणायच्या यावरून होणारी सवंगड्यांची कुरकूरही आहे. ज्यांनी हे रचले त्यांनी गुरे पाहिली होती. कोकणीत गुरे राखणाऱ्यास ‘राखणो’ म्हणतात आणि गाव सांभाळणाऱ्या देवतेस ‘राखणदार’. एकाच धातूपासून दोन्ही शब्द निघावेत, यात त्या कामाविषयीचा केवढा आदर आहे! पुढे रंगभूमीने शृंगार आणि विनोद ठेवला, राखण तेवढी सोडून दिली.

असे आपल्याकडेच घडले असे नव्हे. अमेरिकेतील ‘काऊबॉय’ चित्रपटांमुळे आपल्याही परिचयाचा आहे. प्रत्यक्षात तो महिना ३०-४० डॉलरांवर टेक्सासहून रेल्वेच्या ठाण्यापर्यंत गुरे हाकणारा मजूर. त्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन पुष्कळ. १८७४ साली काटेरी तारेचे पेटंट निघाले, कुरणांना कुंपणे पडली आणि वीस-पंचवीस वर्षांतच तो जमाना ओसरला. ओवेन विस्टरच्या ‘द व्हर्जिनियन’ (१९०२) या गाजलेल्या कादंबरीत नायक आहे, प्रेम आहे, द्वंद्व आहे. गुरे हाकण्याचे काम जवळजवळ नाही. स्वतः गुरे हाकलेल्या अँडी अ‍ॅडम्सने पुढच्याच वर्षी ‘द लॉग ऑफ अ काऊबॉय’मध्ये नद्या, चिखल आणि रात्रीचे पहारे लिहिले. चित्रपटांनी विस्टरचा वारसा उचलला, हे सांगावयास नकोच.

मराठीत अ‍ॅडम्सचे काम व्यंकटेश माडगूळकरांनी केले, आणि कलादृष्ट्या त्याहून कितीतरी सरस केले. ‘बनगरवाडी’ (१९५५) ही मेंढरांची कथा आहे, गाईंची नव्हे. तरी राखणीचे सत्य तिच्याइतके इतरत्र क्वचितच सापडेल. औंध संस्थानातील धनगरवाडीवर तरुण मास्तर येतो तो शाळा भरवावयास. पण मुले मेंढरांमागे! पोराने पाटी धरली तर कोकरे कोणी राखावी, हा प्रश्न तेथे तात्त्विक नाही, पोटाचा आहे. वाडी श्रमून तालीम बांधते, राजेसाहेब येतात, एक वेळ सारे फळास येईल असे वाटते. मग पाऊस दगा देतो आणि वाडी ओस पडते. माडगूळकर अश्रू ढाळीत नाहीत, म्हणूनच तो शेवट सोसवत नाही. सारे मास्तरांच्या डोळ्यांनी दिसत असल्यामुळे धनगर स्त्रीचे जग मात्र उंबऱ्याबाहेर राहिले आहे. ही एक मर्यादा मानावी लागेल.

बडोद्याच्या मराठी माणसास हा विषय परका वाटू नये. गाईंसाठी कवाड उघडणाऱ्या पूर्वजावरून गायकवाड हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. ‘गुराखी पोर राजा झाले’ ही कथाही येथे आवडीने सांगितली जाते. वस्तुतः कवळाण्याचे गोपाळराव हे गायकवाड घराण्याच्याच शाखेतील शेतकऱ्याचे पुत्र. १८७५ साली दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे आणि अक्षरशत्रू. कथेत चमत्कार उरतो, त्या निरक्षर बालपणाचा परिणाम विसरला जातो. याच सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. बनगरवाडीच्या मास्तरास जो प्रश्न पडला, तो त्यांच्या राज्यातील गुराखी घरांपुढे त्याआधीच उभा राहिला असला पाहिजे. त्यावर एखादी कथा कोणी लिहिली असती तर!

आज निजामपुऱ्याच्या रस्त्यावर गाय दिसते ती भरवाडाची किंवा रबाऱ्याची, आणि ती वाहनांमधून वाट काढीत असते. तिच्या धडकेने माणसे जखमी होतात, हेही खोटे नाही. शहरांतील गुरांसाठी परवाना, बिल्ला, दंड आणि कैद ठरविणारे विधेयक गुजरात विधानसभेने २०२२ च्या मार्चअखेर संमत केले. मालधारी समाजाने विरोध केला, एक दिवस दूध विकले नाही, आणि सप्टेंबरात ते मागे घेतले गेले. चरावयाचे गोचर घरांखाली गेले म्हणजे गाय रस्त्यावर येते, हे सांगण्यास पंडित नको. काल्यासाठी दूध-दही ज्या घरांतून येते, त्या घरांची ही कहाणी आहे. वाट अडविणारा कान्हा शेकडो गवळणींत भेटतो. कोंडवाड्यातून आपली गाय सोडविण्यासाठी दंडाचे पैसे मोजणारी गवळण मला अद्याप एकाही काल्यात आढळलेली नाही. कोणी ती रचली, तर पेंद्यालाही विनोदासाठी सामग्री कमी पडणार नाही.